खान्देशचं जुनं दप्तर

1852 च्या अखेरीस यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यात आणि तिकडे एरंडोलला शेतकऱ्यांचे जमाव सरकारी मोजणीविरुद्ध उठले. मोजणी बंद करा, एवढंच त्यांचं मागणं होतं. सारा वाढेल ही कुणब्याची धास्ती होती, आणि आपलं वतनी वजन जाणार हे देशमुख-पाटलांना दिसत होतं. शेवटी लष्कर आलं, म्होरके धरले गेले आणि साखळ्या पुन्हा शेतांत फिरू लागल्या.

त्या मोजणीतून जे कागद निघाले, त्यांच्या नकलांसाठी आज त्याच सावदा-फैजपूरची माणसं कचेरीच्या खिडकीशी उभी असतात. कोणाचा बांधावरून दावा चालू आहे, कोणाला जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाची नोंद हवी आहे, कोणा बहिणीचं नाव वारसांतून कसं गळलं ते पाहायचं आहे. पणजोबांनी ज्या मोजणीला विरोध केला, तिचा कागद आता पणतवंडांना पुरावा म्हणून लागतो.

हे कागद आता स्कॅन होऊन लोकांसाठी खुले होत आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुने सातबारे, फेरफार, खाते उतारे पाहता येतात. सुरुवातीला ही सोय ज्या सात जिल्ह्यांत झाली, त्यांत अकोला, अमरावती, नाशिक, ठाणे, पालघर, मुंबई उपनगर यांच्या जोडीला धुळे होतं. जळगाव आणि नंदुरबार नंतरच्या यादीत आले. राज्यभरातले मिळून सुमारे 30 कोटी जुने अभिलेख स्कॅन झाल्याचं सांगितलं जातं. काम मोठं आहे आणि ते झालं हे फार बरं झालं, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तक्रारीचा सूर लागणार आहे. पान पडद्यावर आलं म्हणून ते हवं त्याला सापडतंच असं नाही, आणि सापडलं तरी वाचता येईलच असं नाही. खान्देशात तर या दोन्ही अडचणी इतर जिल्ह्यांपेक्षा चार आणे जास्तच आहेत.

आधी हे दप्तर आहे तरी काय, ते पाहू. विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरापासून जी मोजणीची पद्धत बसवली, तीच खान्देशात आली. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. मोजणीदाराने शेतात बसून काढलेला कच्चा आराखडा ते टिपण, त्यावरून क्षेत्राचा हिशेब केला ते गुणाकार बुक, आणि कोणत्या नंबराला किती आकार बसला त्याची यादी तो आकारबंद. यातले बरेच कागद आज भूमी अभिलेख खात्याकडे आहेत. तालुक्याच्या उपअधीक्षकाची ही कचेरी आणि तहसील कचेरी या दोन वेगळ्या जागा आहेत, हे पुष्कळांना पहिल्या हेलपाट्यानंतरच कळतं.

या पहिल्या कागदांत जमीन कोणाच्या मालकीची, यापेक्षा सारा कोणी भरायचा याला महत्त्व होतं. कोणाचा काय हक्क, याची रीतसर नोंदवही मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने सुरू झाली. सातबारा हा नमुना तर त्याच्याही नंतरचा. त्यामुळे ‘1880 पासूनचे सातबारे आता मोबाईलवर’ असा मथळा वाचला की मला हसू येतं. 1880 चा कागद मिळू शकेल, पण तो सातबारा नसेल. सातबाऱ्याच्या आधीचं ‘क.ड.ई. पत्रक’, म्हणजे लोकांच्या तोंडचं कडईपत्रक, हे नाव ज्याला माहीत आहे त्याचा शोध निम्मा झाला असं समजावं. पुढे 1966 चा जमीन महसूल अधिनियम आला आणि गाव नमुने आजच्या रूपात बसले : सहाचा फेरफार, सातचा अधिकार अभिलेख, आठ-अ चं खातं, बाराचा पीकपेरा. सात आणि बारा एका कागदावर आले, म्हणून सातबारा.

यातला फेरफार मला सगळ्यांत बोलका वाटतो. नोंदवहीच्या पानाला चार रकाने. पहिल्यात नोंदीचा नंबर. दुसऱ्यात मजकूर : अमुक मयत झाला, त्यास वारस तमुक, किंवा अमक्याने इतक्या रुपयांस खरेदी दिली. तिसऱ्यात ज्या जमिनीवर परिणाम झाला तिचा नंबर, आणि चौथ्यात तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. लोक दुसरा रकाना वाचतात आणि थांबतात. पण नोंद टिकली की नाही, ते चौथ्यात असतं. तलाठ्याने नोंद धरली, नोटिसा निघाल्या, कोणी हरकत घेतली, आणि मंडळ अधिकाऱ्याने ‘प्रमाणित’ न लिहिता ‘रद्द’ लिहिलं, तर दुसऱ्या रकान्यातल्या त्या सगळ्या सुवाच्य मजकुराला किंमत उरत नाही. पानाची उजवी कड कापून केलेलं स्कॅन म्हणून धोकादायक. जाड वह्यांची शिवण न उसवता केलेलं स्कॅन तसंच, कारण त्यात शिवणीकडची अक्षरं घडीत जातात. मागच्या पानाची शाई फुटून पुढे आलेली असली, तर तर्जनी कुठे ठेवून वाचायचं तेही कळत नाही.

तरीही मूळ वह्यांचे हाल पाहिले तर स्कॅन केव्हाही बरं. जुन्या कचेऱ्यांतल्या रेकॉर्ड रूममध्ये लाल खारव्याच्या रुमालात बांधलेले बस्ते मांडणीवर एकावर एक चढवलेले असत. वाळवी खालून येते, कसर आतून खाते आणि माणूस वरून हाताळतो. सगळ्यांत जास्त नुकसान माणसाच्याच हातून होतं. प्रत्येक नक्कल-अर्जाला वही उघडायची, घडीवर दाबायची, फाटलं तिथे चिकटपट्टी लावायची, ती पट्टी पुढे पिवळी पडून अक्षरासकट निघून यायची. मग एक दिवस अर्जावर ‘अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही’ असा शेरा पडतो. अर्जदाराच्या मनात लगेच शंका : जीर्ण झाला की केला? स्कॅनिंगचा मोठा फायदा माझ्या मते हा, की त्या दिवसानंतर तरी पान फाडता येत नाही आणि बदलताही येत नाही. खरं तर माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने 2005 सालीच कलम 4 मध्ये अभिलेखांची सूची करून ठेवण्याचं बंधन प्रत्येक कचेरीवर घातलं होतं. सूची नीट झाली असती तर आजचं निम्मं काम तेव्हाच उरकलं असतं.

आता संकेतस्थळावर बसू. जिल्हा निवडायचा, तालुका निवडायचा, गाव, अभिलेखाचा प्रकार, मग भूमापन क्रमांक किंवा गट क्रमांक. यादी येते, हवी ती वर्षं कार्टमध्ये टाकायची, फाईल तयार झाली की उतरवून घ्यायची. ऐकायला सोपं. पण या शोधात प्रत्येक चौकटीत आजचं उत्तर भरावं लागतं, आणि कागद कालचा असतो.

नंबराचंच घ्या. 1947 च्या कायद्याने जमिनीचे तुकडे पडायला बंदी आली आणि एकत्रीकरणाची योजना निघाली. ज्या गावांत ती अंमलात आली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या सातबाऱ्यावर गट 214 असेल, तर आजोबांच्या काळात ते सर्व्हे नंबर 87 चा दुसरा हिस्सा आणि 91 चा पहिला, असं काहीही असू शकतं. दोन्हीची सांगड एकत्रीकरणाच्या पत्रकात असते आणि तो कागद भूमी अभिलेखकडे. संकेतस्थळावर 214 घालून 1940 चा उतारा शोधणाऱ्याला एकतर काहीच मिळत नाही, किंवा भलत्याच शेताचा सर्व्हे नंबर 214 मिळतो. दुसरा प्रकार वाईट. माणूस दुसऱ्याच्या पणजोबाचा कागद घेऊन भांडायला निघतो.

जाणते लोक उलट्या पायांनी जातात. आजच्या उताऱ्यावर नावाशेजारी गोलात आकडे असतात, ते फेरफाराचे नंबर. कंसातली नावं कमी झालेली. गोलातला सगळ्यांत जुना आकडा धरायचा, तो फेरफार काढायचा, त्याच्या तिसऱ्या रकान्यात जुना नंबर मिळतो, तो धरून मागचा उतारा. असं पायरी-पायरीने उतरत 1930 च्या आसपास पोचता येतं. तलाठी कार्यालयात उमेदवारी केलेली जुनी माणसं हे सवयीने करत. संगणकाला शिकवलं तर तोही करील. जुना नंबर आणि नवा नंबर यांची गाववार जोडयादी एकदा संकेतस्थळाला लावून दिली, की शेतकऱ्याचे आणि वकिलाचेही पुष्कळ हेलपाटे वाचतील. ही यादी नव्याने शोधायची नाही, ती कचेरीत आहेच.

नंबराचा गोंधळ महाराष्ट्रभर आहे. जिल्हा-तालुक्याचा गोंधळ मात्र खान्देशाने स्वतः कमावलेला. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि कॅप्टन ब्रिग्जच्या हाती खान्देश आला. त्याने धुळ्याला ठाणं केलं आणि 1906 पर्यंत सगळ्या खान्देशाचा कलेक्टर धुळ्यात बसे. 1906 साली पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे दोन जिल्हे झाले. पुढे त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली, आणि 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. म्हणजे शहाद्याच्या एका शेताचा कागद ‘खान्देश’, ‘पश्चिम खान्देश’, ‘धुळे’ आणि ‘नंदुरबार’ अशा चार मथळ्यांखाली असू शकतो.

तालुके तर त्याहून फिरते. 1880 च्या गॅझेटियरमध्ये खान्देशचे सोळा तालुके आहेत. त्यांत जळगाव नावाचा तालुका नाही. आहे तो नशिराबाद. शिंदखेडा नाही, विरदेल आहे. साक्री नाही, पिंपळनेर आहे. सावदा तालुका आहे, आणि आज सावदा रावेर तालुक्यात मोडतं. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते आपल्या डोळ्यांदेखत, आणि बोदवड, धरणगाव हे अलीकडचे तालुके. रावेर तालुका निवडणाऱ्याला ‘तालुके सावदे’ असं डोक्यावर लिहिलेली वही सापडायची, तर कोणीतरी ती वही आजच्या रावेरशी जोडलेली असली पाहिजे. एकदा चुकीच्या खणात पडलेलं पान सरकारच्या लेखी सुरक्षित असतं आणि लोकांच्या लेखी हरवलेलं.

1960 ची आणखी एक गाठ आहे. महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले तेव्हा पश्चिम खान्देशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावं गुजरातेत गेली. त्या गावांत ज्यांची जमीन होती, त्यांच्या 1960 पूर्वीच्या शोधाची वाट दोन राज्यांतून जाते.

नावाने शोधावं म्हटलं तर तीही वाट बिकट. जुन्या नोंदींत आडनाव क्वचित. ‘दगडू वल्द सुका’ एवढंच. आडनाव असलं तर पाटील, आणि खान्देशात पाटील शोधणं म्हणजे काय ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. आदिवासी गावांत आडनावाच्या जागी जातीचंच नाव. आणि थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या तीन अक्षरांच्या मागे धाकटे भाऊ, विधवा वहिनी, बहिणी सगळे लपलेले. मॅनेजर वारला की त्याच्याच मुलांची नावं लागतात, बाकीचे कागदावरून उतरतात. 2025 मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयतांच्या जागी वारसांची नावं लावायला घेतली. वारस नेमके कोण, हे ठरवताना जुना फेरफार काढावाच लागतो.

नंतर येते लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावचं दप्तर मोडीत चालू होतं. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. लिहिणाऱ्याचा वेग वाढतो आणि वाचणाऱ्याचा मोडतो. वर सालं तीन तऱ्हेची. शके असेल तर 78 मिळवा, फसली असेल तर 590, आणि पेशवाईतला कागद शुहूर सनाचा असेल तर 599 किंवा 600. छापील देवनागरी वाचणारी यंत्रं आता बऱ्यापैकी तरबेज झाली आहेत. कारकुनी मोडीपुढे मात्र अजून माणूसच लागतो.

हे सगळ्या महाराष्ट्राला 2023 मध्ये एकदम कळलं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना 14, म्हणजेच लोकांचं कोतवाल बुक, अचानक महत्त्वाचं झालं. मोडी वाचकांचा भाव वधारला. राज्यभरात अशा नोंदी पन्नास लाखांच्या वर सापडल्या. निजामाच्या मराठवाड्यात जे दप्तर तुटपुंजं होतं, ते इंग्रजी अंमलाखालच्या खान्देशात भरपूर होतं. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण जी खोली वर्षानुवर्षं कोणी उघडत नव्हतं तिला रात्री उशिरापर्यंत दिवे लागले, आणि त्या घाईत नुसत्या ‘कु.’ या अक्षरावर लोकांचं भवितव्य येऊन ठेपलं. घाईत वाचलेलं अक्षर आणि निवांत वाचलेलं अक्षर यांत फरक असतो. म्हणून वाचन हे मोहिमेचं काम नसावं, ते वर्षभर चालणारं काम असावं असं माझं मत आहे.

आणि त्यासाठी धुळ्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात वारले. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद आणि दप्तरं सांभाळायला 1927 च्या जानेवारीत धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या 22 खंडांच्या मागे राजवाड्यांची जी पद्धत होती, ती म्हणजे कागद मिळेल तिथून आणायचा, वाचायचा, नक्कल करायची आणि छापायची. आज पहिली पायरी सरकारने स्कॅनरने उरकली आहे. पुढच्या तीन कोणी करायच्या? वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकातले हजाराहून जास्त शेतनकाशे राष्ट्रीय ग्रंथालयाने डिजिटल केले, तेव्हा त्यांवरची नावं, नंबर, पिकं वाचून काढायला स्वयंसेवक बसवले. आज तिथे घरबसल्या शेताचं जुनं नाव टाइप करून शेत शोधता येतं. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत इतिहासाची आणि मराठीची मुलं आहेत. एका तालुक्याचं कोतवाल बुक वाचून काढणं हा पदव्युत्तर वर्गाला दोन वर्षं पुरेल असा अभ्यास आहे, आणि तो प्रबंधाच्या कपाटात पडून राहणार नाही.

नमुना 12 च्या पानांकडे तर इतिहासवाल्यांनी अजून पाहिलेलंच नाही असं वाटतं. दर वर्षी, दर शेतात काय पेरलं, विहिरीचं पाणी होतं का, किती पड राहिलं. ज्वारी-बाजरीचा खान्देश कपाशीचा कसा झाला, रावेर-यावलला केळी कोणत्या गावातून कोणत्या गावाकडे सरकली, विहिरी कधी वाढल्या, हे सगळं त्या कंटाळवाण्या रकान्यांत आहे. अर्थात तलाठी बांधावर न जाता पेरे लावत, हेही खान्देशात सर्वांना ठाऊक आहे. तेवढी सूट धरूनही एवढी लांब माळ दुसरीकडे मिळायची नाही.

आता ज्यांच्यासाठी हे दप्तर उघडणं सगळ्यांत निकडीचं आहे, त्यांच्याकडे वळतो. 1 एप्रिल 1957, कुळकायद्यातला कृषक दिन. त्या दिवशी कुळं कायद्याने मालक झाली. तीच तारीख आदिवासींच्या जमिनींसाठी दुसऱ्या कायद्यात आली. 1974 चा जमिनी परत करण्याचा कायदा सांगतो की 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल, तर ती परत मिळण्याचा मार्ग आहे. हा कायदा हवेतून आला नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, 1972 मध्ये, शहाद्याला भूमुक्तीची परिषद भरली होती. अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी शहादे-तळोद्याच्या सपाटीवर भिल्लांच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न धसाला लावला होता. सावकाराच्या वहीवर अंगठा, मग साठेखत, मग एक दिवस फेरफार. अंगठा देणाऱ्याला फेरफार झाला हे माहीतच नाही.

आज नातू तो प्रश्न पुन्हा उचलू पाहतो तेव्हा त्याला हवा असतो नेमका त्या सतरा वर्षांतला फेरफार. तो 1956 चा निघाला तर दावा गेला, 1958 चा निघाला तर उभा राहिला. त्याचं गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात, आता नंदुरबारात. गट नंबर बदललेला. आजोबाचं आडनाव कागदावर नाही. त्याच्यापुढे वरच्या सगळ्या अडचणी एका रांगेत उभ्या राहतात, आणि वकिलाच्या फीचे पैसेही त्याच्याचकडे सगळ्यांत कमी. संकेतस्थळ त्याच्यासाठी खुलं आहे हे खरं. त्याला ते वापरता येण्यासाठी तालुक्याच्या जागी एक वाचणारा माणूस बसवावा लागेल. नंदुरबार, तळोदा, शहादा, चोपडा, यावल, एवढ्या पाच ठिकाणी जरी बसवला तरी पुष्कळ झालं.

सातपुड्यात आणखी वर चढलं की गोष्टच वेगळी. अक्राणी, अक्कलकुव्याच्या डोंगरांत कित्येक शेतांची मोजणी कधी नीट झालीच नाही, जमीन वनखात्याच्या नावे राहिली. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली 33 गावं आली, मणिबेली पहिलं. तेव्हा ‘तुझी जमीन किती’ या प्रश्नाला दाखवायला कागद नव्हता आणि ‘अघोषित’ हा शब्द तिथे रोजच्या बोलण्यातला झाला. जिथे पान लिहिलंच गेलं नाही तिथे स्कॅनर काय करणार? वनहक्क कायद्याच्या 2008 च्या नियमांनी तेव्हा एक दार उघडलं. नियम 13 प्रमाणे गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे अहवाल हे पुरावे चालतात, तशी घर, विहीर, दफनभूमी यांची खूणही चालते, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी उतरवलेला जबाबही चालतो.

या जबाबांच्या फायली प्रांत कचेऱ्यांमध्ये साठल्या आहेत. कोण कुठून आला, कोणता ओढा शीव होता, कोणी पहिलं झाड तोडलं, दंडाची पावती कोणत्या साली फाटली, हे पावरा आणि भिल्ल म्हाताऱ्यांनी सांगितलं, कोणीतरी मराठीत उतरवलं आणि खाली अंगठे घेतले. सातपुड्याच्या वरच्या अंगाचं पहिलं जमीन-दप्तर म्हणायचं तर तेच आहे. गाव नमुन्यांच्या एक ते एकवीस या यादीत त्याला नंबर नाही, म्हणून दावा निकाली निघाला की फाईल गठ्ठ्यात जाते. ती स्कॅन करायला नवा कायदा लागत नाही, प्रांताचा एक आदेश पुरे.